डिंक्याची बखर

बँक लुटायला निघालेला माणूस सोबत काय काय घेऊन निघतो, याबद्दल आम्हा बँकवाल्यांच्या काही ठाम कल्पना आहेत. पिस्तूल, किंवा लांबून पिस्तुलासारखे दिसेल असे काहीतरी. तोंडाला रुमाल. बाहेर इंजिन चालू ठेवलेली गाडी. पण जानेवारी १९६३ च्या ‘स्ट्रेंज टेल्स’ या अमेरिकन कॉमिकच्या १०४ व्या अंकात एक गृहस्थ बँक लुटायला आला तो बादलीभर डिंक घेऊन! अंगात चित्रकारासारखा ढगळ पोशाख, डोक्यावर टोपी, गळ्यात भला मोठा बो, आणि हातात त्या बादलीला नळीने जोडलेली बंदूक. बँकेत अशा वेषात कोणी आले तर आमचा रखवालदार त्याला अडवणार नाही. भिंती रंगवायला आलेला दिसतोय म्हणून सरळ मागच्या दाराने या म्हणून सांगेल.

या गृहस्थाचे नाव पेस्ट-पॉट पीट. मराठीत ‘खळीच्या डब्याचा पिट्या’. पण इतके लांबण कोण लावणार? आपल्या शाळेतल्या पोरांनी पहिल्याच मधल्या सुट्टीत त्याचा ‘डिंक्या’ करून टाकला असता, म्हणून मीही तेच म्हणतो. मूळ नाव पीटर पेट्रुस्की, धंदा रसायनशास्त्रज्ञाचा. जन्मदाते स्टॅन ली, त्यांचे धाकटे बंधू लॅरी लीबर आणि चित्रकार जॅक कर्बी. या तिघांनी मिळून त्या काळात देवदानव घडवले, पण डिंक्याचे बारसे करताना बहुधा घड्याळात जेवायची वेळ झाली असावी. स्टॅन ली यांना एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या नावांची भारी हौस. पीटर पार्कर, रीड रिचर्ड्स, ब्रूस बॅनर, मॅट मर्डॉक. तोच नियम लावला आणि या बिचाऱ्याच्या वाट्याला तीन ‘प’ आले. त्यातला एक डब्याचा.

आता शोधाकडे वळू. डिंक्याने असा एक द्रव तयार केला होता, की तो उडवला की क्षणात सुकतो आणि पोलादासारखा धरून बसतो. पहारेकऱ्यांचे हात जागच्या जागी, पाय फरशीला. सुटायची सोय नाही. आमच्या शाखेतल्या डिंकाशी तुलना करून पाहा. फोटो फॉर्मला चिकटत नाही, बोट मात्र फोटोला चिकटते. बाटलीचे बूच बाटलीला असे चिकटते की उघडायला शिपायाला दाराची फट वापरावी लागते. मला जर कोणी हा पेट्रुस्कीचा डिंक आणून दिला असता, तर मी त्याला लुटारू न म्हणता ‘साहेब’ म्हटले असते.

आणि इथेच माझ्यातला बी.कॉम. अस्वस्थ होतो. अरे, ज्याच्या बादलीत असा माल आहे, तो बँक लुटतो कशाला? त्याने बँकेत सरळ पुढच्या दाराने यावे. मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून चहा प्यावा. प्रकल्प काय, कर्ज किती, तारण काय, हे नेहमीचे प्रश्न होतील. तारण : बादली एक. प्रात्यक्षिकासाठी मॅनेजरची खुर्ची खुर्चीतल्या मॅनेजरसकट जमिनीला चिकटवून दाखवावी. कर्ज मंजूर झाल्याशिवाय साहेब उठूच शकणार नाहीत.

हे मी थट्टेने म्हणत असलो तरी त्या काळाचा हिशेब पाहा. अमेरिकेत हॅरी कूव्हर नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. १९४२ साली, युद्ध चालू असताना, बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधता शोधता त्यांच्या हाती एक पदार्थ लागला. तो ज्याला त्याला चिकटायचा, म्हणून वैतागून बाजूला ठेवला. १९५१ मध्ये पुन्हा त्याच पदार्थाशी गाठ पडली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आणि १९५८ मध्ये तो बाजारात आला. आज आपण चपलेचा अंगठा त्या ‘सुपर ग्लू’ने चिकटवतो. इकडे मुंबईत, कायदा शिकूनही एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपायाची नोकरी केलेल्या बळवंतराय पारेखांनी १९५९ साली फेव्हिकॉल आणला. त्याआधी सुतार जनावरांपासून केलेला सरस चुलीवर उकळत बसायचे, आणि त्या वासाने गल्लीतली माणसे खिडक्या लावून घ्यायची. पांढरा गार डिंक डब्यातून थेट लाकडावर आला आणि पारेखांच्या घरी लक्ष्मी आली. म्हणजे डिंक्याने बादली उचलली तेव्हा जगात डिंकाला सुगीचे दिवस होते. डिंकवाल्यांना लोक उद्योगपती म्हणत होते. या एकाच डिंकवाल्याला पोलीस शोधत होते!

याहून चटका लावणारी गोष्ट तर त्याच कंपनीच्या कॉमिक्समध्ये आहे. डिंक्याच्या आधी पाचच महिने, ऑगस्ट १९६२ मध्ये, दुसऱ्या एका पीटरचा जन्म झाला : पीटर पार्कर, म्हणजे आपला स्पायडरमॅन. कोळी चावल्याने त्याला भिंतीवर चढता आले हे खरे, पण मनगटातून सुटणारे ते जाळे काही कोळ्याने दिलेले नाही. तो द्रव या शाळकरी पोराने स्वतः घरी बनवला. म्हणजे चिकटद्रव्यच की! दोघेही पीटर, दोघेही रसायनात हुशार, दोघेही माणसांना भिंतीला चिकटवणारे. १९६४ मध्ये स्पायडरमॅनच्या १८ व्या अंकात मेकाकू आजारी, घरात पैशाची चणचण, तेव्हा हा पोरगा आपले सूत्र विकायला एका कंपनीत गेला. कंपनीवाल्यांनी विचारले, किती वेळ टिकते? हा म्हणाला, तासाभराने विरघळते. झाले. कायमचे चिकटणारे हवे, हे आमच्या कामाचे नाही, असे म्हणून त्यांनी त्याला दाराबाहेर काढले.

कायमचे चिकटणारे! ते तर डिंक्याच्या बादलीत काठोकाठ भरले होते. एकाच गावात एक कंपनी टिकाऊ डिंक मागते आहे, एक माणूस टिकाऊ डिंक घेऊन हिंडतो आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही. अशा वेळी वाटते, त्या शहरात एखादा पुणेरी मध्यस्थ हवा होता. अर्धा टक्का दलालीत त्याने दोघांचे संसार मार्गी लावले असते आणि मार्व्हलचा एक खलनायक कमी झाला असता. (विरघळणाऱ्या डिंकाचीही तशी सोय झाली असती. १९६८ साली थ्री-एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांनी धड न चिकटणारा डिंक शोधला, आणि १९८० पासून त्याच्या पिवळ्या चिठ्ठ्या जगभर विकल्या जात आहेत. आमच्या साहेबांच्या टेबलाला त्या पिकल्या पानांसारख्या लगडलेल्या असतात.)

असो. डिंक्याने कारखाना न काढता गुन्हेगारी काढली, आणि सुरुवातच वरच्या पायरीवरून केली. बँकेनंतर लगेच लष्कराचे नवे क्षेपणास्त्र पळवून शत्रुराष्ट्राला विकायचा बेत. तो उधळला ह्यूमन टॉर्च उर्फ जॉनी स्टॉर्मने. हा ‘फँटॅस्टिक फोर’ या चौकडीतला सगळ्यांत धाकटा. मनात आले की अंगाचा भडका करून उडणारा. डिंक्या निसटला, पण एका शाळकरी पोराने आपल्याला हरवले हे त्याच्या मनाला लागले. पुढे सहाच महिन्यांत त्याने विझर्ड नावाच्या दुसऱ्या खलनायकाला तुरुंगातून पळवले आणि दोघांनी भागीदारी केली. हा विझर्डही संशोधकच, पण वरच्या थरातला, प्रसिद्ध, बंगलेवाला. भागीदारीचा कायदा मी परीक्षेपुरता वाचला आहे. त्यात एक सूत्र लिहिलेले नाही, पण सर्वांना ठाऊक आहे : दोन भागीदारांतल्या एकाच्या हातात बादली असेल, तर मालक दुसरा.

डिंक्याच्या आयुष्यातला सर्वांत मानाचा दिवस १९६४ च्या जुलैत उगवला, आणि तो त्याने तुरुंगात काढला. ‘अव्हेंजर्स’च्या सहाव्या अंकात बॅरन झीमो नावाचा जर्मन खलनायक येतो. त्याच्याकडे ‘अ‍ॅडहेसिव्ह एक्स’ नावाचा असा डिंक, की जगात त्यावर उतारा नाही. महायुद्धात कॅप्टन अमेरिकेच्या ढालीने त्याचा हौद फुटला आणि झीमोच्या तोंडावरचा बुरखा कायमचा तोंडालाच चिकटला. हाच डिंक तो लोकांवर उडवू लागला तेव्हा थोर थोर सुपरहिरो हतबल झाले. थॉरचा हातोडा काय कामाचा? डिंकावर हातोडा मारून काय होणार? तेव्हा कोणाची आठवण झाली? तुरुंगात खडी फोडणाऱ्या आपल्या डिंक्याची! त्याने उतारा करून दिला, माणसे सुटली, आणि त्यालाही शिक्षेत सवलत मिळाली. विचार करा, सगळी देवमंडळी दारात उभी आहेत आणि ‘पीटराव, तेवढे आमचे बघा’ म्हणताहेत. या क्षणी कोणीतरी त्याला एखादी नोकरी द्यायला हवी होती. साधी, प्रयोगशाळेतली, प्रॉव्हिडंट फंडाची. कोणी दिली नाही. दोन महिन्यांत तो नवा पोशाख शिवून पुन्हा टॉर्चच्या मागावर हजर.

१९६५ च्या मार्चमध्ये विझर्डने ‘फ्राइटफुल फोर’ ही स्वतःची चौकडी काढली. त्यात वाळूचे शरीर असलेला सँडमॅन, जिचे केस हातांसारखे चालतात ती मेड्युसा, गुरुत्वाकर्षणाला न जुमानणारा स्वतः विझर्ड, आणि चौथा डिंक्या. तुम्हीच सांगा, पत्रिकेवर ही नावे कशी छापणार? बाकीची वाचताना अंगावर काटा येतो, आणि शेवटी आपल्याला स्टेशनरीचे दुकान आठवते. त्यालाही ते जाणवले असणार. कारण मे महिन्यातल्या अंकात त्याने नाव बदलले. आजपासून मी ट्रॅपस्टर. सापळेवाला! बादली गेली, बो गेला, पट्ट्यावर डिंकाच्या बंदुका आल्या. त्या अंकात त्यांच्या चौकडीने चक्क फँटॅस्टिक फोरला हरवलेही. म्हणजे नवे नाव पायगुणाचे निघाले म्हणायचे.

पण नाव असे बदलते थोडेच! त्याने १९६७ मध्ये डेअरडेव्हिलशी झुंज घेतली, १९६८ मध्ये कॅप्टन अमेरिकेशी घेतली, माणसे मारण्यापर्यंत मजल गेली, आणि तरी समोरचा हिरो हसून काय म्हणणार? “अरे, हा तर आपला पेस्ट-पॉट पीट!” की याचा अर्धा जीव तिथेच जातो.

आमच्या शाखेत एक गृहस्थ होते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या रोकडीत तीन रुपयांचा फरक आला आणि तो शोधत ते रात्री नऊपर्यंत बसले. दुसऱ्या दिवसापासून ते ‘तीन रुपये’. पुढे त्यांनी बँकेच्या परीक्षा दिल्या, अधिकारी झाले, त्यांच्या सहीने लाखोंची कर्जे गेली. “तीन रुपयांनी सही केली का?” असे आम्ही विचारायचो. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ घेताना ते म्हणाले, “माझी एकच विनंती आहे,” आणि पुढे बोललेच नाहीत, खाली बसले. विनंती काय ते सगळ्यांना कळले होते. परवा ते पेन्शनच्या कामाला आले. मी त्यांना आडनावाने हाक मारली आणि मागच्या काउंटरवरून कोणीतरी ओरडले, “अरे, तीन रुपये आले, खुर्ची द्या!” ते हसले. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे, म्हणून ट्रॅपस्टर संतापून बंदूक का काढतो हे मला समजते.

एप्रिल १९८४ च्या ‘फँटॅस्टिक फोर’ मध्ये, २६५ व्या अंकात, जॉन बर्न यांनी त्याची जी दशा केली ती तर वाचवत नाही. चौघे हिरो गावाला गेलेले, बॅक्स्टर बिल्डिंग रिकामी. ट्रॅपस्टरने ठरवले, आता घुसायचे आणि त्यांचा काटा काढायची तयारी करून ठेवायची. घुसला. आणि त्याला हरवले कोणी? इमारतीने! दरवाजे, यंत्रे, पहाऱ्याच्या युक्त्या. स्वागतकक्षात रॉबर्टा नावाची यंत्रबाई, जी काउंटरच्या वरच्या भागापुरती माणूस दिसते. (खालचे कधीच कोणाला दिसत नाही. काउंटरवरच्या नोकरीचे याहून अचूक चित्र मी पाहिलेले नाही.) वीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर हिरोंना घरी परतायचीही गरज पडली नाही.

माझ्या शाखेत त्याने अजूनही यावे. आमच्या अर्जात ‘पूर्वीचे नाव (असल्यास)’ असा रकाना आहे. तो भरावाच लागतो, त्याला माझा इलाज नाही, पण काउंटरवर मी ते मोठ्याने वाचणार नाही. खाते ‘श्री. पीटर पेट्रुस्की’ याच नावाने उघडीन. फक्त फोटो त्याने स्वतःच्या डिंकाने चिकटवू नये. जास्त जोखमीचे गिऱ्हाईक म्हणून दर दोन वर्षांनी त्याची केवायसी करावी लागेल, आणि तेव्हा आम्हाला तो काढायचा असतो.