मँचेस्टरचं पाणी, लेक डिस्ट्रिक्टचे रस्ते

लेक डिस्ट्रिक्टला आपल्यापैकी बहुतेकजण जाऊन आलेले असतात. भारतातून आई-बाबा आले की आधी लंडन, मग विंडरमिअरची बोट, आणि गाडीच्या डिकीत पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, हा कार्यक्रम ठरलेला. मीही हे सगळं केलं आहे. पण तो भाग मला कळायला लागला सायकलवर बसल्यावर. गाडीतून चढ जाणवत नाही आणि रस्त्याकडेची पाटी वाचायच्या आत मागे जाते. सायकलवर चढ जाणवतोच, आणि धाप लागून थांबलं की पाटी वाचण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो!

आम्ही तिघं मित्र गेल्या मे महिन्यात ज्या रस्त्यानं गेलो तो ग्रासमिअरहून निघतो, थर्लमिअरच्या काठानं केझिकला जातो, तिथून अल्सवॉटर आणि शेवटी हॉझवॉटर. साधारण सत्तर किलोमीटर. तीन तळी, मधे डोंगर, मेंढ्या आणि दगडी बांध. या तिन्ही तळ्यांच्या इतिहासात एकच पात्र पुन्हा पुन्हा येतं, आणि ते म्हणजे आपलं मँचेस्टर शहर.

मँचेस्टर म्हटलं की शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवतं. आपला कापूस इकडे, इकडचं कापड तिकडे. त्या गिरण्यांना आणि गिरणी कामगारांच्या वस्त्यांना पाणी लागायचं, आणि १८७० च्या दशकात ते पुरेनासं झालं. मग कॉर्पोरेशनची नजर उत्तरेच्या डोंगरांकडे वळली.

ग्रासमिअरहून डनमेल रेझची खिंड चढून उतरलं की थर्लमिअर लागतं. आज आपण पाहतो ते एकसंध लांबलचक तळं मुळात तसं नव्हतं. दोन छोटी तळी, मधे चिंचोळा भाग आणि त्यावर पूल, असं ते होतं. उत्तरेच्या टोकाला धरण बांधून पाणी सुमारे ५० फूट चढवायची योजना निघाली आणि एकच गदारोळ उडाला. विरोध करणाऱ्यांत जॉन रस्किन होते, ज्यांच्या 'अन टू धिस लास्ट' या पुस्तकाचा गांधीजींवर एवढा परिणाम झाला तेच. ऑक्टेव्हिया हिल होत्या. ही मंडळी हरली. १८७९ मध्ये पार्लमेंटनं कायदा मंजूर केला आणि ऑक्टोबर १८९४ मध्ये थर्लमिअरचं पाणी मँचेस्टरला पोचलं. विथबर्न वस्तीतली घरं पाण्याखाली गेली, चर्च तेवढं उरलं. ते अजून रस्त्याच्या कडेला उभं आहे.

माझ्यातल्या इंजिनिअरला मात्र कबूल करावंच लागतं की काम अफाट आहे. सुमारे १५४ किलोमीटरचा कालवा आणि वाटेत एकही पंप नाही! मैलाला जेमतेम वीस इंच उतार आणि पाणी आपसूक वाहत शहरात, एका दिवसापेक्षा थोड्याच जास्त वेळात. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'सिस्टिम पाच वर्षं चालली' म्हणून केक कापतो. ही सव्वाशे वर्षांहून जास्त चालली आहे.

तळ्याच्या पश्चिमेचा रस्ता, जो आज सायकलवाल्यांना एवढा प्रिय आहे, तोही या योजनेतच कॉर्पोरेशननं बांधला. पूर्वेचा अँबलसाइड-केझिक हमरस्ता जुना, पण पाणी चढल्यावर त्याचाही काही भाग वर सरकवावा लागला. म्हणजे आपण 'निसर्गरम्य' म्हणून ज्या काठावरून पायडल मारतो तो काठ माणसानं आखलेला आहे. वरचं सूचीपर्णी जंगलसुद्धा कॉर्पोरेशननंच लावलं. आणि गंमत म्हणजे एवढं करून कित्येक दशकं लोकांना काठावर फिरकू देत नसत, पाणी घाण होईल म्हणून.

तारखांचा एक योगायोग सांगण्यासारखा आहे. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी 'रोव्हर' सायकल आली १८८५ मध्ये, डनलॉपचं हवेचं टायर १८८८ मध्ये. आणि ज्या १८९४ साली पाणी मँचेस्टरला आलं, त्याच साली 'क्लॅरियन' या मँचेस्टरच्या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी बर्मिंगहॅमला क्लॅरियन सायकलिंग क्लब काढला. धुरात आठवडा काढणारा कामगार रविवारी स्वतःच्या पायांच्या जोरावर हिरवळीत जाऊ लागला. वर्ड्स्वर्थनं १८४४ मध्ये विंडरमिअरच्या रेल्वेला विरोध केला होता. रेल्वेनं गर्दी येईल आणि या लोकांना निसर्गाची कदर नसेल, असं त्याचं म्हणणं. कवी म्हणून आदर आहे, पण इथे मी गर्दीच्या बाजूचा. आम्ही तिघं तरी दुसरे कोण होतो?

केझिकला कॉफी पिऊन आम्ही जुन्या रेल्वेच्या वाटेला लागलो. १८६५ साली सुरू झालेली ही लाइन मुख्यतः लोखंडाच्या भट्ट्यांना कोक पुरवण्यासाठी होती. ती १९७२ मध्ये बंद पडली आणि पुढे थ्रेलकेल्डपर्यंतचा भाग पायी जाणाऱ्यांना आणि सायकलींना मिळाला. डिसेंबर २०१५ च्या डेझमंड वादळानं यावरचे पूल वाहून नेले. पाच वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, वाट पुन्हा खुली झाली. सपाट आहे, मुलांना घेऊन जायला उत्तम.

पुढे मॅटरडेलचा चढ आणि मग उजव्या हाताला खाली अल्सवॉटर. वर्ड्स्वर्थ भावंडांना ते शाळेच्या पुस्तकातले डॅफोडिल १८०२ साली याच काठावर दिसले होते. मँचेस्टरला १९६१-६२ मध्ये हेही तळं हवं होतं. पण आता समोर लॉर्ड बर्केट उभे राहिले. हे जवळच्या अल्व्हर्स्टनचे, नावाजलेले वकील, न्यूरेंबर्ग खटल्यात न्यायाधीशांच्या बाकावर बसलेले. ८ फेब्रुवारी १९६२ रोजी त्यांनी लॉर्ड्सच्या सभागृहात भाषण केलं आणि जवळजवळ दुप्पट मतांनी मँचेस्टरचा अल्सवॉटरवरचा हक्क फेटाळला गेला. दोन दिवसांनी बर्केट वारले. इथल्या एका निनावी टेकडीला त्यांचं नाव दिलं आहे. नंतर मँचेस्टरला थोडं पाणी मिळालं, पण पंपघर जमिनीखाली लपवून.

पूली ब्रिजला १७६४ चा पूल त्याच डेझमंड वादळात गेला, २०२० मध्ये नवा स्टेनलेस स्टीलचा झाला. तो ओलांडून आस्कम, बँप्टन करत आम्ही हॉझवॉटरला पोचलो तेव्हा दुपार उलटली होती आणि पायात गोळे आले होते.

इथे बर्केटसारखं कोणी नव्हतं. १९१९ मध्ये कायदा झाला, १९२९ च्या सुमारास धरणाचं काम सुरू झालं आणि मार्डेल ग्रीन हे गाव जाणार हे ठरलं. काही शेतकऱ्यांची घरं, 'डन बुल' नावाची खानावळ, छोटंसं चर्च. १८ ऑगस्ट १९३५ रोजी तिथे शेवटची प्रार्थना झाली. चर्च एवढं लहान की आलेले बहुतेक लोक बाहेरच उभे होते. त्याआधी स्मशानातले ९७ मृतदेह काढून शॅपला पुन्हा पुरले होते. चर्च पाडलं, त्याचे दगड पाणी उचलायच्या मनोऱ्यात वापरले. गावातल्या घरांवर लष्कराच्या इंजिनिअरांनी सुरुंग उडवायचा सराव केला. कडक उन्हाळ्यात, जसं १९९५ मध्ये किंवा २०२२ मध्ये, पाणी उतरलं की गावातले बांध आणि भिंती वर दिसतात. मग वर्तमानपत्रांत फोटो येतात आणि लोक गाड्या घेऊन बघायला जातात.

मला इथे मुळशी आठवली. पुण्यात कॉलेजात असताना आम्ही पौडमार्गे सायकली हाणत मुळशीच्या तळ्यावर जायचो. 'काय सुंदर आहे!' म्हणून कणसं खायचो आणि परत यायचो. पाण्याखाली मावळातली पन्नासच्या आसपास गावं आहेत हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. टाटांचं ते धरण मुंबईला, तिथल्या गिरण्यांना, वीज देण्यासाठी होतं. १९२१ च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. त्याचे पुढारी सेनापती बापट. ते इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोला आले होते १९०४ मध्ये, थर्लमिअरचं पाणी मँचेस्टरला पोचून दहा वर्षं झाली तेव्हा. सत्याग्रहींना तुरुंगवास झाला, बापटांनाही. १९२७ मध्ये धरण पुरं झालं.

मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी थर्लमिअर, मुंबईच्या गिरण्यांसाठी मुळशी. दोन्हीकडच्या गिरण्या गेल्या, तळी राहिली. अल्सवॉटर वाचलं कारण त्याच्यासाठी बोलणारा माणूस लॉर्ड्समध्ये बसत होता. मार्डेलला स्मशान नीट हलवण्याइतका तरी मान मिळाला. मुळशीच्या शेतकऱ्याचं कोणी ऐकलं?

हे सगळं मी सायकलच्या बाटलीतलं पाणी पीत मित्रांना ऐकवत होतो. एकानं विचारलं, "बाटली कुठे भरलीस?" सकाळी घरी, नळावर. म्हणजे इथलंच. खाली मँचेस्टरला जाऊन परत सायकलवरून वर आलेलं!

कोणाला जायचं असेल तर एक सांगतो. बँप्टन सोडलं की खायला-प्यायला जवळजवळ काही मिळत नाही, तेव्हा डबा बरोबर घ्या. तळ्याच्या पूर्वेचा रस्ता छान डांबरी आहे, तोही मँचेस्टरनंच बांधलेला, कारण जुना पाण्याखाली गेला. पण तो मार्डेल हेडला संपतो. पुढे फक्त पायवाटा आहेत. म्हणून धरणापर्यंत परत येण्याइतकं बळ पायात शिल्लक ठेवा. आम्ही ठेवलं नव्हतं.