रेझ्युमेमधली थाप पकडली कशी जाते? आणि गॅप खरा सांगितला तर काय होतं?

ग्रॅज्युएशन झालं. त्यानंतर तीन वर्षं पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी केली, पण पोस्ट काही निघाली नाही. आता खाजगी नोकरी शोधायची तर रेझ्युमेमध्ये तीन वर्षांची मोकळी जागा दिसते. नेमका तेव्हाच एखादा मित्र सांगतो, "अरे, थोडे पैसे टाक, दोन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर मिळतं. सगळेच करतात."

घरून पैसे मागायची लाज वाटत असते, वय वाढत असतं. अशा वेळी ही थाप फार मोठी वाटत नाही. पण ती पुढे नेमकी कुठे अडकते?

बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये काय तपासतात?

मुलाखत पास झाली म्हणजे नोकरी पक्की झाली असं नसतं. आयटी कंपन्या, बँका आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या उमेदवाराची संमती घेऊन त्याची माहिती तपासतात. हे काम बहुतेक वेळा बाहेरच्या एजन्सीकडे असतं. डिग्री खरी आहे का हे विद्यापीठाकडून विचारून घेतलं जातं. जुन्या कंपनीच्या एचआरला रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद आणि सोडण्याचं कारण विचारलं जातं. पत्ता आणि पोलीस रेकॉर्डही पाहिलं जातं.

हे काम कधीकधी रुजू झाल्यानंतरही चालू असतं. म्हणूनच ऑफर लेटरमध्ये सहसा एक ओळ असते: माहिती खोटी आढळल्यास नियुक्ती रद्द होईल.

खोटा अनुभव कसा कळतो?

सगळ्यात मोठा पुरावा पीएफचा असतो. २०१४ पासून ईपीएफओ प्रत्येक सदस्याला १२ अंकी यूएएन नंबर देतं. नोकरी बदलली तरी हा नंबर बदलत नाही. कोणत्या कंपनीत कधी रुजू झालात आणि कधी सोडलंत, हे त्याच्या सर्व्हिस हिस्टरीत दिसतं. २०२१ ते २०२३ नोकरी केली असं लिहिलं आणि यूएएनवर तेव्हा काहीच नसेल, तर प्रश्न येणारच.

छोट्या कंपन्यांमध्ये पीएफ नसतो, हे खरं. २० पेक्षा कमी कर्मचारी असतील तर साधारणपणे तो बंधनकारक नसतो. पण मग पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ किंवा फॉर्म २६एएस मागितला जातो. पगार वाढवून सांगितला असेल तर तोही इथेच उघडा पडतो. शिवाय फक्त कागदावर चालणाऱ्या संशयास्पद कंपन्यांची यादी व्हेरिफिकेशन एजन्सींकडे असते. विकतच्या लेटरवरचं नाव त्यात असेल, तर विषय तिथेच संपतो.

पकडलं गेलं तर?

बहुतेक वेळा ऑफर रद्द होते किंवा नोकरी जाते. मग पुढच्या अर्जात हीसुद्धा नोकरी लपवावी लागते आणि एका थापेसाठी दुसरी थाप मारावी लागते.

खोटं कागदपत्र देणं हा गुन्हाही आहे. भारतीय न्याय संहितेनुसार फसवणुकीसाठी बनावट कागदपत्र तयार केलं तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कागद बनावट आहे हे माहीत असून तो खरा म्हणून वापरणाराही तितकाच दोषी ठरतो. म्हणजे लेटर बनवणारा दुसराच होता, असं म्हणून सुटका होत नाही.

वरच्या पदावर पोहोचल्यावर थाप जुनी होते, असंही नाही. याहूचे सीईओ स्कॉट थॉम्पसन यांच्या परिचयात अकाउंटिंगसोबत कॉम्प्युटर सायन्सची डिग्री लिहिलेली होती. प्रत्यक्षात त्यांची डिग्री फक्त अकाउंटिंगची होती. मे २०१२ मध्ये एका गुंतवणूकदाराने हे उघड केलं आणि त्याच महिन्यात त्यांना पद सोडावं लागलं. ती डिग्री मिळवून त्यांना तेव्हा ३० हून जास्त वर्षं झाली होती.

सुप्रीम कोर्ट काय म्हणतं?

पोलीस भरती किंवा कुठल्याही सरकारी नोकरीत साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्यात अटक, खटला किंवा शिक्षा झाली आहे का, असं विचारलेलं असतं. 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार' या २०१६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की ही माहिती खरीच द्यायला हवी, काहीही लपवता येणार नाही.

पण त्याच निकालात दिलासाही आहे. कमी वयात घोषणाबाजी केल्यासारखं किरकोळ प्रकरण असेल, तर ते लपवल्याची चूकही अधिकारी माफ करू शकतात. किरकोळ खटला चालू असल्याचं खरं सांगितलं असेल, तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. म्हणजे प्रत्येक खटल्याने नोकरी जाते असं नाही. पण एकापेक्षा जास्त खटले लपवले, तर तेवढ्या कारणावरूनही नेमणूक रद्द होऊ शकते.

न लिहिणं आणि खोटं लिहिणं एकच आहे का?

नाही. रेझ्युमेत काय ठेवायचं हे तुम्ही ठरवता. कॉलेजात असताना दोन महिने केलेलं काम वगळलं तर ती फसवणूक नाही. पण कंपनीच्या फॉर्ममध्ये 'आजवरच्या सगळ्या नोकऱ्या लिहा' असं विचारलं असेल आणि खाली तुमची सही असेल, तर तिथे सगळं लिहावं लागतं.

मग गॅप लिहायचा कसा?

सरळ लिहायचा. 'जून २०२१ ते मे २०२४ : राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी.' पूर्व किंवा मुख्य परीक्षा पास झाला असाल तर तेही लिहा. त्या काळात क्लासमध्ये शिकवलं, घरची शेती किंवा दुकान सांभाळलं, आजारी आई-वडिलांकडे पाहिलं, तर त्याचाही उल्लेख चालतो. इंटर्नशिपला इंटर्नशिपच म्हणा. 'एक्सेलमध्ये एक्स्पर्ट' लिहिण्यापेक्षा व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल येतं असं लिहिलं, तर मुलाखतीत अडखळायला होत नाही. जुना पगार फुगवण्याऐवजी किती पगार हवा, ते सांगा.

असा रेझ्युमे काही ठिकाणी नाकारला जाईल, पगारही कमी सुरू होईल. पण मिळालेली नोकरी पुढच्या मेलने जाईल, ही भीती राहत नाही.

आणि आधीच चुकीची माहिती पाठवली असेल तर? व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरण्याआधी एचआरला मेल करून दुरुस्त माहिती द्या. कदाचित ती ऑफर जाईलही. पण तेव्हा चूक तुम्ही स्वतः सांगितलेली असेल आणि खोट्या फॉर्मवर तुमची सही नसेल.