छात्राध्यापकाची ई-संचिका : सादर काय करावे?

पाठ टाचणांच्या वह्या, सराव पाठांची निरीक्षणे, रंगीत तक्ते यांचे गठ्ठे अध्यापक महाविद्यालयांत परीक्षकांपुढे ठेवले जातात आणि परीक्षा आटोपताच माळ्यावर जातात. हेच काम छायाचित्रे, ध्वनिफिती व चित्रफितींसह संगणकावर निवडून मांडले, तर त्यास ई-संचिका किंवा ई-पोर्टफोलिओ म्हणतात. यातील कळीचा शब्द ‘निवडून’ हा आहे. शंभर छायाचित्रे एका फोल्डरमध्ये भरणे म्हणजे माळा बदलणे होय.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. एक वर्षाऐवजी दोन वर्षांचे केले आणि शालेय अनुभवाचा काळ २० आठवड्यांवर नेला. त्यांपैकी १६ आठवडे दुसऱ्या वर्षात येतात. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात हा काळ सर्वत्र सारख्या वर्गांत जात नाही. भामरागड-एटापल्लीकडील अनेक मुलांची घरची भाषा माडिया, धानोरा-कोरचीकडे गोंडी, तर सिरोंच्यात तेलुगू असते. पाठ्यपुस्तक मात्र बहुतेक ठिकाणी मराठी. येथे शिकवणाऱ्या छात्राध्यापकाचा खरा कस टाचणाच्या सुबक अक्षरात दिसत नाही, वर्गातील शांततेचा त्याने काय अर्थ लावला यात दिसतो.

समजा, आश्रमशाळेतील गुणाकाराचा पाठ फसला. मुले गप्प राहिली. ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद कमी’ असे निरीक्षण वहीत लिहून विषय संपतो. ई-संचिकेत मात्र त्याच पाठाचे टाचण, मुलांनी सोडवलेल्या उदाहरणांची छायाचित्रे आणि त्याखाली शिक्षकाचे चिंतन असे तीन पुरावे शेजारी येतात. दुसऱ्या प्रयत्नात त्याने तेंदूपानांचा पुडा घेतला. एका पुड्यात ७० पाने, तर १२ पुड्यांत किती? हा हिशेब उन्हाळ्यात आईवडिलांसोबत पाने बांधणाऱ्या मुलांच्या ओळखीचा असतो. गोंडी येणाऱ्या मुलांसोबत ‘उंदी, रंड, मूंद’ अशी मोजणी करून त्याने सुरुवात केली असेल, तर त्याची अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीतही पुरेशी आहे. दोन्ही पाठांतील मुलांच्या उत्तरांची तुलना परीक्षकाला जे सांगते, ते प्रशस्तिपत्रांची रांग सांगत नाही.

सादरीकरणात म्हणूनच फसलेला पाठ वगळू नये. पहिल्या महिन्यातील एक, मधला एक आणि शेवटचा एक असे तीन पाठ घेऊन त्यांतील बदल सकारण सांगितला, तर तोंडी परीक्षेतील प्रश्न आपोआप योग्य दिशेला वळतात. चिंतनाची भाषाही तपासून घ्यावी. ‘पाठ छान झाला, मुलांना आनंद झाला’ ही वाक्ये कोणत्याही पाठाखाली चिकटवता येतात आणि चिकटवली जातातही. कोणत्या मुलाला, कोणत्या पायरीवर, काय अडले, हे लिहावे लागते. मात्र मुलाचे नाव लिहू नये. चेहरा दिसणारे छायाचित्र किंवा आवाज घेण्यापूर्वी पालकांची आणि शाळेची संमती घ्यावी. वह्यांचे व हातांचे छायाचित्र बहुतेक वेळा भागते.

साधनांची चिंता त्यामानाने कमी आहे. ‘महारा’ ही याच कामासाठीची मुक्त प्रणाली न्यूझीलंडमध्ये २००६ साली सुरू झाली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘विचार करणे’ असा आहे. ती नसेल तर साधे स्लाइड सादरीकरणही चालते. पण पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, वीज व मोबाइलचे जाळेही बेभरवशाचे असते, हे ध्यानात घेऊन नोंदी आधी मोबाइलमध्ये वा वहीत कराव्यात आणि तालुक्याच्या गावी आल्यावर चढवाव्यात. सादरीकरणाच्या दिवशी संपूर्ण संचिका पेन ड्राइव्हवर, इंटरनेटशिवाय उघडेल अशा स्वरूपात जवळ असावी. ती महाविद्यालयाच्या खात्यावर असेल, तर निकालापूर्वीच स्वतःची प्रत काढून घ्यावी. अभ्यासक्रम संपल्यावर असे खाते बंद होऊ शकते.