उचलबांगडी

'उचलबांगडी' हा शब्द आज बदल्यांच्या बातम्यांत भेटतो. पंतोजींच्या काळी शाळेस न येणाऱ्या मुलाला चार दांडगी पोरे हातापायांस धरून उचलून आणीत, ती खरी उचलबांगडी. मोरजीचा पेडणे महाल १७८८ पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. तेथे मराठी अक्षरओळख बव्हंशी शेणवीमामांच्या खाजगी शाळांनी जगविली. त्यांचे हे ऋण मोठेच. परंतु रडणारे मूल म्हणजे उनाड, हा निवाडा त्या काळी सर्वत्र एकच.

१९३२ साली अमेरिकेत ब्रॉडविन यांनी तो उलटविला. उनाड मूल घरच्यांना चुकवून भटकते. भ्यालेले मूल घरीच आईपाशी थांबते. १९४१ मध्ये अॅडिलेड जॉन्सन व सहकाऱ्यांनी यास 'शाळेचे भय' म्हटले. सकाळची पोटदुखी, उलटी हे ढोंग नव्हे. भयाने शरीर खरोखरच दुखते.

१९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत खेडोपाडी शाळा निघाल्या. अंतर तुटले, भय मात्र अंतराने मोजता येत नाही.

आजचे उपचारक आधी कारण शोधतात: आईचा विरह, वाचनातील अडचण की दांडग्या मुलांचा छळ? मग पायरीपायरीने परतणे: आज फाटकापर्यंत, उद्या एक तास, पुढे अर्धा दिवस. घरी दिवस जितके लांबतील तितके परतणे अवघड. म्हणून पालक व शिक्षक यांनी पहिल्या आठवड्यातच एकत्र बसावे. ओढून नेणारी चार पोरे तेवढी नकोत.