दोन घड्याळजी आणि पेशीतले जाळे

१/३ १९६२ साली हर्बर्ट सायमन यांनी दोन काल्पनिक घड्याळजींची कथा मांडली. प्रत्येक घड्याळात हजार भाग. टेम्पस ते सलग जोडी. मध्येच फोन वाजला की सारे विस्कटे. होरा आधी दहा-दहा भागांचे पक्के जोड करी. त्याचाच धंदा टिकला.

२/३ पेशीतील चयापचयाचे, म्हणजे रासायनिक अभिक्रियांचे, जाळेही असेच गटागटांचे असते, हे २००२ साली बाराबाशी व सहकाऱ्यांनी ४३ सजीवांत दाखवले. पण कारागीर नसताना हे गट पाडले कोणी?

३/३ २००७ साली उरी अलोन व सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक जीवाणूंची तुलना केली. बदलत्या परिसरात राहणाऱ्यांचे गट अधिक सुस्पष्ट निघाले, स्थिर परिसरातल्यांचे कमी. सायमन यांच्या कथेत कसोटी व्यत्ययाची होती; जीवाणूंनी बदलत्या परिस्थितीकडे बोट दाखवले.