सहीच्या आधी

निर्वासितांमध्ये संशोधन करायला निघालेल्या विद्यार्थ्याच्या हाती आधी पडतो तो संमतिपत्राचा कागद. त्यावाचून नीतिसमितीपुढे सहसा पाऊल सरकत नाही, आणि संमतीचा आग्रह योग्यच आहे. १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेचे पहिले कलम तेच सांगते. पण हा कागद घेऊन तुम्ही बांगलादेशात, कॉक्स बाजारजवळच्या कुतुपालोंग छावणीत गेलात, तर समोरच्या रोहिंग्या माणसाला त्यात काय दिसेल?

म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना परके ठरवले. उरलीसुरली तात्पुरती पांढरी ओळखपत्रे २०१५ मध्ये रद्द झाली. ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून आली. पुढच्या वर्षी बोटांचे ठसे घेऊन नवी नोंदणी सुरू झाली. आपली माहिती म्यानमारकडे जाईल या धास्तीने त्यांनी छावण्यांत संप केला. ती गेलीच, असे २०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेने उघड केले. संस्था ज्यांच्याशी बोलली, त्यांच्या नोंदणीच्या पावतीवर माहिती म्यानमारला देण्याबाबत ‘हो’च्या चौकटीत खूण होती, पावती मात्र इंग्रजीत, बहुतेकांना न वाचता येणारी. रीतसर संमती घेतली होती, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित यंत्रणेचे म्हणणे.

माझ्या मते आपल्या अभ्यासक्षेत्राचा खरा प्रश्न या पावतीत आहे. सहीने संशोधकाचे आणि विद्यापीठाचे रक्षण होते. सही करणाऱ्याचे होतेच असे नाही. नाव न लिहिता, साक्षीदारासमोर घेतलेली तोंडी संमती अशा ठिकाणी अधिक सुरक्षित ठरू शकते. पण तेवढ्याने भागत नाही. छावणीत गटप्रमुखाला ‘माझी’ म्हणतात. मदतीच्या याद्यांशी ज्याचा संबंध, तोच ‘माझी’ तुम्हाला झोपडीत घेऊन आला, तर ‘नाही’ म्हणायची सोय कुणाला उरते? दुभाषा शेजारचाच असेल, तर बलात्काराबद्दल विचारावे का? आणि तीच हकिगत समोरच्या बाईने आधी चार संस्थांना सांगितली असेल, तर पाचव्यांदा विचारायचे कारण काय?

असे प्रश्न पडणाऱ्यांचे या पुस्तकात मनापासून स्वागत आहे. मानववंशशास्त्र, कायदा, परिचर्या, कुठूनही या. पुस्तकाच्या शेवटी संमतिपत्राचा तयार नमुना मात्र शोधू नका. तो मुद्दामच दिलेला नाही. आपल्याच नीतिसमितीला तोंडी संमतीसाठी कसे राजी करायचे, ते चौथ्या प्रकरणात आहे. घाई असेल त्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल.