भाऊसाहेबांचा तोतया आणि दातांची साक्ष

पानिपतचं नाव निघालं की आपल्याला सदाशिवरावभाऊ आठवतात. पण पानिपतानंतर पुण्याला पंधरा वर्षं एका प्रश्नानं छळलं, तो मात्र आपण विसरलो. भाऊ खरंच गेले का?

14 जानेवारी 1761. रणांगणावर भाऊंचं म्हणून जे धड सापडलं, त्याला शिर नव्हतं. अंगावरच्या खुणांवरून ओळख पटवली, अंत्यसंस्कार झाले. पण लोकांच्या मनातली शंका काही गेली नाही. पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य पत्करलं नाही. त्या शंकेच्या जोरावर एक तोतया उभा राहिला. कैदेत पडला, रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटला आणि 1776 साली त्यानं अर्धं कोकण पेटवलं. त्याला आवरायला महादजी शिंद्यांना पाठवावं लागलं. त्याच वर्षी त्याला पुण्यात देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटकच लिहिलं.

एका मृतदेहाची ओळख सगळ्यांना पटेल अशी पटली नाही, त्याची ही किंमत.

आता तुम्ही म्हणाल, त्या काळी दुसरा उपाय तरी काय होता? बरोबर आहे. पण पुढच्या सव्वाशे वर्षांत जगानं एक उपाय शोधला. दात.

1849 साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये डॉ. पार्कमन नावाचा श्रीमंत सावकार गायब झाला. एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीत कवळीचे तुकडे सापडले. ती कवळी बनवणारे दंतवैद्य डॉ. कीप यांनी साचा जपून ठेवला होता. कोर्टात त्यांनी तुकडे साच्यावर बसवून दाखवले. प्राध्यापक वेबस्टरला 1850 मध्ये फाशी झाली.

4 मे 1897 ला पॅरिसमध्ये धर्मादाय बाजाराला आग लागून सव्वाशेच्या आसपास माणसं जळाली. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची सख्खी बहीण त्यात होती. कपडे नाहीत, चेहरा नाही. तिच्या दंतवैद्यानं दात बघून ओळखलं. पुढच्याच वर्षी पॅरिसमधले दंतवैद्य ऑस्कर अमोएदो यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला आणि न्यायदंतशास्त्राचा पाया पडला.

कारण साधं आहे. दातावरचं कवच हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. कातडी जळते, पाण्यात बोटांचे ठसे जातात, दात टिकतात. शिवाय कुठला दात काढलाय, कुठं सिमेंट भरलंय, कुठं रूट कॅनाल झालंय, हा हिशेब दोन माणसांचा सारखा सहसा निघत नाही. म्हणूनच इंटरपोल मोठ्या दुर्घटनेत ओळखीसाठी तीनच मुख्य पुरावे मानतं : बोटांचे ठसे, डीएनए आणि दात.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. दिल्लीचं निर्भया प्रकरण, डिसेंबर 2012. पीडितेच्या अंगावरच्या चाव्यांचे फोटो आणि आरोपींच्या दातांचे साचे तपासाला कुठं आले? धारवाडला! आपल्या कागलवरून जाणाऱ्या हायवेवरचं धारवाड. तिथल्या एसडीएम दंत महाविद्यालयातल्या डॉ. आशिथ आचार्य यांनी ते ताडून पाहिले. किमान तीन चावे राम सिंहचे आणि एक बहुतेक अक्षयचा, असा निष्कर्ष निघाला. 5 मे 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा पुरावा ग्राह्य धरला.

पण इथं जरा थांबूया. दातांवरून मृताची ओळख पटवणं वेगळं आणि कातडीवरच्या चाव्यावरून गुन्हेगार ठरवणं वेगळं. कातडी ताणते, सुजते, व्रण बदलतो. अमेरिकेत रे क्रोन नावाच्या माणसाला 1992 मध्ये चाव्याच्या व्रणावरूनच दोषी धरून फाशीची शिक्षा दिली. दहा वर्षांनी डीएनएनं तो निर्दोष ठरला. निर्भया प्रकरणात चाव्याच्या जोडीला डीएनए होता, मृत्यूपूर्व जबाब होता, म्हणून ती साक्ष उभी राहिली. एकट्या चाव्यावर कुणाला फासावर चढवायची वेळ आली, तर आपणच प्रश्न विचारला पाहिजे.

हे सगळं आज कोल्हापुरात कशाला सांगायचं? तर 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आलाय. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्यानं सक्तीचं होतंय. कोल्हापुरात प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही सुरू झालंय. कोर्ट आलं, प्रयोगशाळा आली. मग अडतंय कुठं?

अडतंय ते ताडून बघायला जुनी नोंदच नसण्यावर. डॉ. कीपनी साचा जपला नसता तर भट्टीतल्या तुकड्यांचा उपयोग शून्य होता. 2004 च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये युरोपातल्या पर्यटकांची ओळख दातांवरून भराभर पटली, कारण त्यांच्या गावी दवाखान्यात नोंदी होत्या. स्थानिक गरिबांच्या नव्हत्या. आपली गत तीच. दाढ दुखली की जायचं, काढून यायचं, एक्स-रे कुठल्यातरी पिशवीत.

आणि ओळख पटली नाही की भोगतं घर. मृत्यूचा दाखला नाही, म्हणून विमा नाही, पेन्शन नाही, सातबाऱ्यावर वारसाची नोंद नाही. बेपत्ता माणूस मृत मानायला कायदा सात वर्षं थांबायला सांगतो. पार्वतीबाई पेशव्यांच्या घरातल्या होत्या, त्यांचं निभावलं. आपल्या गावातल्या बाईनं सात वर्षं कशावर काढायची?

म्हणून दोन मागण्या. महापूर आणि मोठ्या अपघातांसाठी जिल्ह्याच्या आपत्ती पथकात न्यायदंतशास्त्र शिकलेला एक तरी दंतवैद्य असावा. आणि दवाखान्यांनी प्रत्येक पेशंटची नोंद नीट जपावी.

आपणही एक करूया. पुढच्या वेळी दाताचा एक्स-रे काढला की मोबाईलवर फोटो घ्या आणि घरच्यांना पाठवून ठेवा. अभद्र वाटेल. पण भाऊसाहेबांची ओळख सगळ्यांना पटेल अशी पटली असती, तर कदाचित तोतयाचं बंड झालंच नसतं.